गळतीकाकांचा डबल कोट

गळतीकाकांनी त्या सकाळी फक्त एवढंच ठरवलं, की नातीला एकाऐवजी दोन डायपर लावायचे. एकावर एक. आता यात वाईट काय आहे? काहीच नाही. पण गळतीकाकांच्या डोक्यात आलेली कल्पना कधी एकटी राहत नाही. ती निस्तरायला दुसरी लागते, दुसरी झाकायला तिसरी, आणि तिसरीपाशी येईपर्यंत बिल्डिंगमध्ये तोंड दाखवायची चोरी झालेली असते.

गळतीकाका हे नाव त्यांनी मेहनतीने कमावलं होतं. उभा जन्म वॉटरप्रूफिंगच्या धंद्यात गेला. लोकांच्या गच्च्या, टाक्या, बाथरूमं यांत पाणी कुठून शिरतं, हे ते भिंतीवर बोटाची पेरं वाजवून सांगायचे. (स्वतःच्या बाथरूमचं पाणी खालच्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांच्या छतातून ठिबकत होतं, ते मात्र त्यांना सापडत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पोस्टमास्तरांनी त्यावरून बोलणं टाकलं, आणि काकांनी ‘माझं काम गळत नाही’ असं सांगून जिन्यात मान फिरवायला सुरुवात केली.)

धंदा बंद केला आणि पाठोपाठ बायको गेली. तेव्हापासून घरात आवाज करणारा असा एक फ्रिज तेवढा उरला. काका सकाळपासून टीव्ही लावून ठेवायचे. बघायचे नाहीत. घरात कोणीतरी बोलत असावं, एवढंच. बातम्या सांगणाऱ्या बाईंना ते मधूनच ‘हो का?’ असं म्हणायचे. बाई थांबायच्या नाहीत, पण विचारल्याचं समाधान काकांना मिळायचं. माणूस एकटा पडला की कशावर भागवेल सांगता येत नाही.

लेक त्याच गावात होती. जावई बोटीवर कामाला, सहा-सहा महिने समुद्रावर. लेकीच्या मागे ऑफिस आणि आठ महिन्यांची पोर. ती यायची, नाही असं नाही, पण खाली गाडी चालू ठेवून यायची. “बसत नाही हं बाबा, गाडी चालू आहे,” हे वाक्य काकांनी इतक्या वेळा ऐकलं होतं, की त्या गाडीशीच त्यांचं वैर जडलं होतं.

अशात पोरीच्या पाळणाघराचं छत गळायला लागलं आणि दुरुस्तीसाठी ते बंद झालं. दुरुस्तीचं काम काकांच्याच हाताखाली तयार झालेल्या माणसाकडे होतं, त्यामुळे ते लांबणार याची काकांना खात्री होती. त्यातच लेकीला ऑफिसने तीन-चार दिवसांसाठी बाहेरगावी धाडलं. पोर ठेवायची कुठे?

“जमेल ना बाबा?” लेकीने दारातूनच विचारलं. एका खांद्यावर पोर, दुसऱ्यावर पिशवी.

“चाळीस वर्षं टाक्या सांभाळल्या मी.”

“टाकी नाही ती. मुलगी आहे माझी.”

“तेच ते. भरायचं, वाहतंय का बघायचं.”

लेक हसली नाही. पण जाता जाता म्हणाली, “तुमच्याकडे नीट राहिली, तर पाळणाघर सुरू झालं तरी हिला इथेच ठेवीन म्हणते. रोज. बघू.”

त्या ‘बघू’ने काकांची झोप उडवली. रोज! म्हणजे सकाळी दार वाजणार, दिवसभर घरात एक जिवंत माणूस असणार, मग ते बोलत नसलं तरी चालेल, निदान ‘हो का?’ म्हटल्यावर वळून बघेल. काकांनी मनाशी गाठ बांधली की या तीन-चार दिवसांत कसलीही कसर राहता कामा नये.

आणि पहिल्याच दिवशी टाकी (पोरीचं नाव तोवर टाकी पडलंच होतं) गळली. काकांच्या मांडीवर, गादीवर आणि गादीखालच्या वर्तमानपत्रावर. काकांना ते ओलं झाल्याचं काही वाटलं नाही. त्यांना लागलं ते वेगळंच. आपल्या हाताखालचं काम गळलं! उभ्या जन्मात ज्याने कुणाच्या गच्चीतून थेंब पडू दिला नाही, त्याच्या मांडीवर एवढीशी पोर पाणी सोडते म्हणजे काय?

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तो निर्णय. डबल कोट, गच्चीला देतात तसे दोन थर. आतला डायपर लावला, त्यावर दुसरा चढवला, दोन्हीच्या पट्ट्या ताणून घट्ट बसवल्या, मांडीपाशी कुठे फट राहत नाही ना ते बोट फिरवून पाहिलं. टाकी बिचारी पाय फाकवून, गोणीत कोंबल्यासारखी बसली. काकांनी दोन पावलं मागे जाऊन काम न्याहाळलं आणि खूश झाले.

दुपारी त्यांनी वरून हात लावला. कोरडं ठणठणीत. तासाभराने पुन्हा लावला. कोरडं. पोर मधूनमधून कुरकुरत होती, तिला त्यांनी टीव्हीतल्या बाई दाखवल्या. बदलायचं कशाला? जे गळत नाही ते उघडू नये, हा धंद्याचा नियम.

संध्याकाळी अंघोळ घालायची म्हणून दोन्ही थर सोडले. पोरीची बसायची जागा भाजल्यासारखी लालेलाल झाली होती. आतला डायपर फुगून जड झाला होता. काका तिथेच खाली बसले. बाहेरून कोरडी दिसणारी भिंतच आतून जास्त कुजते, हे त्यांनी किती गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं! चष्म्यावरून बघत ऐकवलं होतं. आणि स्वतःच्या नातीच्या वेळी ते ज्ञान कुठे शेण खायला गेलं होतं, कोण जाणे.

घाईघाईत त्यांनी पावडरचा डबा काढला आणि सढळ हाताने पावडर टाकली. ओल्या जागी तिचा लगदा झाला, भेगा भरायच्या मसाल्यासारखा. तो काढायला जावं तर पोर असा टाहो फोडायची की काकांनी तो नाद सोडला. त्यांनी तिला तशीच छातीशी धरली आणि घरभर फेऱ्या घातल्या. बायको असती तर तिने एका वाक्यात सांगितलं असतं काय करायचं ते, आणि दुसऱ्या वाक्यात काकांचा उद्धार केला असता. ते दुसरं वाक्य ऐकायलाही काका त्या घडीला तयार होते. पण घरात विचारायला कोणी नव्हतं. टीव्हीतल्या बाई कुठल्याशा निवडणुकीचं सांगत होत्या.

शेवटी त्यांनी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात फोन लावला.

“हॅलो, गळतीकाका बोलतोय. लाल झालेल्या कातडीवर लावायला काही मिळेल का?”

“कुठे झालंय लाल, काका?”

“बसायच्या जागी.”

“कुणाला?”

इथे काका अडले. औषधवाली म्हणजे लेकीची शाळेपासूनची मैत्रीण. ‘नातीला’ म्हणायचा अवकाश, की बातमी बाहेरगावी पोचणार आणि ते ‘बघू’ कायमचं बुडणार.

“मला,” काका म्हणाले.

“बरं. तुम्हाला दिसलं कसं?”

“आरशात. म्हणजे... दोन आरशांत.”

“फोड वगैरे आहेत?”

“छे छे, नुसतं लाल. कातडी कोवळी आहे ना.”

“कोवळी?”

“माझी जरा कोवळीच आहे पहिल्यापासून.”

“आणि मागे रडतंय कोण?”

“टीव्ही.”

“काका, एक विचारते, रागावू नका. तिथे ओलं राहतं का?”

काकांना आता खोटं बोलून चालणार नव्हतं. औषध तर बरोबर मिळायला हवं. “हो,” ते म्हणाले. “आज बराच वेळ राहिलं.”

“तुम्हाला कळलं नाही?”

“वरून हात लावला तर कोरडं लागत होतं हो!”

औषधवालीचा आवाज एकदम मऊ झाला. इतक्या मऊ आवाजात काकांशी बऱ्याच दिवसांत कोणी बोललं नव्हतं. “लाजायचं नाही काका. वयाने होतं असं. मी सांगते तसं करा. पावडर टाकली असेल तर कोमट पाण्याने हळूच काढा, चोळू नका. साबण नको, वासाचं काही नको. मऊ कापडाने नुसतं टिपायचं. मग थोडा वेळ तसंच उघडं ठेवायचं, हवा लागू द्यायची. पूर्ण वाळलं की मलमाचा चांगला जाड थर द्यायचा. आणि ओलं झालं की लगेच बदलायचं, भरायची वाट बघायची नाही. घट्ट तर अजिबात नाही. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, ताप आला किंवा फोड आले, तर सरळ डॉक्टर गाठायचा. घरात आहे का कोणी तुमच्याजवळ?”

“कोणी नाही,” काका म्हणाले. अख्ख्या फोनमध्ये स्वतःबद्दलचं तेवढं एकच वाक्य त्यांना बनवावं लागलं नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी सांगितल्याबरहुकूम केलं. कोमट पाणी, टिपणं, उघडं ठेवणं. बायकोची एक जुनी मऊ साडी होती, तिचा तुकडा फाडला. फाडताना हात जरा अडखळला, पण फाडला. टाकी उघडी पडल्यावर हुंदके देत देत शांत झाली आणि काकांचं बोट धरून झोपली. काका ते बोट न सोडवता तसेच अवघडून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. काकांनी दार उघडलं तर समोर पोस्टमास्तर. दोन वर्षांनी! हातात औषधवालीने दिलेली पिशवी. आत मलमाची ट्यूब, आणि मलमाच्या दहापट मोठं एक पुडकं. पुडक्यावर एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ कंबरेवर हात ठेवून दात काढून हसत होते. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: मोठ्यांसाठी डायपर.

“रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेलो होतो,” पोस्टमास्तर पायांकडे बघत म्हणाले. “तिने दिलं. आत येऊ का?”

‘नको’ म्हणावं असं काकांच्या मनात आलं, पण त्या दारातून ‘आत येऊ का’ असं विचारून कोणी आलं त्याला जमाना झाला होता. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि दोन कप चहा ओतला.

पोस्टमास्तर खुर्चीच्या कडेवर बसले. घसा खाकरला. “मी उगीच भांडलो तुमच्याशी. मनाला लागलंय फार.”

“कशाबद्दल म्हणताय?”

“छतातल्या पाण्याबद्दल. मला आपलं वाटायचं की पाइप फुटलाय.”

काकांना आधी उमगलंच नाही. उमगलं तेव्हा कानाच्या पाळ्या तापल्या. पाइपच फुटलाय हो, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण ते सांगायचं म्हणजे आपलं बाथरूम गळतं हे कबूल करणं आलं. काकांनी दोन्ही बेअब्रूंचं क्षणभर वजन केलं, आणि धंद्याची राखायचं ठरवून गप्प बसले.

एवढ्यात पोस्टमास्तरांची नजर खिडकीकडे गेली. तिथे जुन्या चादरीवर टाकी पालथी पडून ऊन खात होती. अंगात झबलं, खाली काही नाही.

“हिला काही घातलं नाहीत?”

“मुद्दामच नाही घातलं.”

“डायपर संपले की काय?”

“संपतील नाहीतर काय! काल एकावर एक दोन लावत होतो.”

पोस्टमास्तरांनी कोपऱ्यातल्या बाळाच्या डायपरच्या पाकिटाकडे पाहिलं. मग काकांच्या कंबरेकडे पाहिलं. मग पुन्हा पाकिटाकडे.

“बसतात?” त्यांनी हळूच विचारलं.

“ताणून लावावे लागतात. पण बसतात.”

“आणि पोर मात्र उघडी.”

“तिला उघडंच बरं वाटतं.”

पोस्टमास्तरांनी चष्मा काढला आणि पुसला. “अहो,” ते म्हणाले, “एक हाक मारायची होती खाली. एवढ्याशा लेकराचे काढून... मी आणून दिले असते ना तुमच्या मापाचे!”

काकांचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. त्यांनी हातवारे केले, “अहो तसं नाही, तसं नाही” असं तीन-चारदा म्हणाले, पण पोस्टमास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आणि दुःखाची गोष्ट अशी, की तो हात बरा वाटला. काकांना तो झटकवेना.

पोस्टमास्तरांचा जन्म पत्रं पोचवण्यात गेलेला. दुपारपर्यंत बातमी बिल्डिंगच्या सगळ्या दारांवर बिनचूक पोचली. मग जे सुरू झालं ते काकांनी बायकोच्या दिवसकार्यानंतर कधी पाहिलं नव्हतं. तळमजल्यावरच्या आजी मधे भोक असलेली उशी घेऊन आल्या. समोरचे शिंपी आले, म्हणाले, पँट कंबरेत सैल करून देतो, आतलं फुगलेलं दिसणार नाही. वरच्या मजल्यावरची बाई आमटी-भात ठेवून गेली आणि जाताना ‘पाणी जरा बेतानेच प्या’ असं कानात सांगून गेली. जो येई तो खाली बसण्याआधी गादी हळूच चाचपून बघे. काका दर वेळी खरं सांगायला तोंड उघडायचे आणि दर वेळी समोरचा म्हणायचा, “असू द्या हो.”

आणि या सगळ्या गर्दीत काका घड्याळ बघून उठायचे, टाकीला उचलायचे, ओलं असेल तर लगेच बदलायचे, धुवायचे, टिपायचे. वाळलं की नाही हे हाताच्या मागच्या बाजूने बघायचे, जसं ते गिलावा बघायचे. मग ट्यूबमधलं मलम तीन बोटांनी काढून जाड थर. थर देताना त्यांच्या तोंडून आपोआप शीळ निघे. एकच डायपर, तोही सैल. लोक कौतुकाने म्हणत, “स्वतःचं एवढं असताना पोरीचं किती करतो हा माणूस!”

टीव्ही लावायचा त्या दिवशी राहूनच गेला. संध्याकाळी शेवटचा माणूस गेल्यावर काकांच्या ते लक्षात आलं. खोलीत पाचसहा रिकामे कप पडले होते. काकांनी ते लगेच धुतले नाहीत, जरा वेळ तसेच राहू दिले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत लाली बरीचशी ओसरली होती. पार गेली नव्हती, गुलाबीवर आली होती. काका दर थोड्या वेळाने चष्मा लावून बघत होते आणि मनात प्रार्थना करत होते की लेक आल्या आल्या डायपर उघडणार नाही. खाली गाडी आल्याचा आवाज झाला. मग एक विचित्र गोष्ट झाली. गाडी बंद झाली.

लेक वर आली ती दारात थांबलीच नाही. थेट आत आली, चपला कुठेतरी पडल्या, पर्स कुठेतरी पडली, आणि काकांच्या शेजारी बसली. डोळे लाल.

“बाबा, मला का नाही सांगितलंत?”

औषधवालीने वाटेतच फोन केला होता, हे उघड होतं. आता लपवून ठेवायला अंगात बळ नव्हतं, आणि पोरीच्या बाबतीत लपवायचं त्यांना स्वतःलाही आवडत नव्हतं. ते उठले, टाकीला आणलं, डायपर सोडला.

“हे बघ,” ते म्हणाले. “मी दोन लावले. एकावर एक. दिवसभर बदलले नाहीत. वरून कोरडं होतं म्हणून. चूक माझी आहे. रागव, काय वाटेल ते बोल. पण हिला माझ्याकडे आणायची बंद करू नकोस गं. मला फार... घर फार मोठं वाटतं मला हे.”

एवढं बोलून काकांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. दोन खोल्यांचं ते घर.

लेकीने वाकून पाहिलं. बोटाने हळूच लावून पाहिलं. “हे?” ती म्हणाली. “मागच्या महिन्यात याच्या दुप्पट झालं होतं माझ्याकडे. ऑफिसातून येऊन झोप लागली मला, ती ओलीच राहिली. डॉक्टरांकडे न्यावं लागलं.”

“मला बोलली नाहीस.”

“तुम्ही म्हणाला असता, तुझ्या आईने असं कधी होऊ दिलं नाही. ते ऐकायची ताकद नव्हती तेव्हा.” तिने पोरीला छातीशी घेतलं. “एकटीच रडत बसले होते.”

एकाच गावात दोन घरं, दोन्हींत एकेक माणूस तेच मलम लावत बसलेलं, आणि फोन करायला कोणी धजत नाही. काकांना वाटलं, आपण लोकांच्या भिंती उगीच वाजवत फिरलो.

“उद्यापासून ही रोज इथे,” लेक म्हणाली. “पाळणाघर गेलं उडत.”

काकांना इतका आनंद झाला की ते उठून उभे राहिले. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. शहाणा माणूस असता तर इथेच थांबला असता. पण लेकीने पुढे विषय काढला.

“ते राहू दे. तुमचं सांगा आता.”

“माझं काय?”

“बाबा, बिल्डिंगमध्ये शिरल्यापासून तिघांनी सांगितलं मला. पोस्टमास्तर तर रडायच्या बेतात होते.” तिने त्यांचा हात हातात घेतला. “मी वाटेत ठरवलंय. रोज ऑफिस सुटलं की इथे यायचं. पोरीला घेऊन पळायचं नाही. बसायचं तुमच्याजवळ, इथेच जेवायचं, मग जायचं. पण खरं सांगा, होतं ना तुम्हाला तसं? नसेल तर तसंही सांगा. मग मी आपली दारातूनच हिला घेऊन जाईन. दमते हो मी फार.”

काकांनी खरं सांगायला तोंड उघडलं. मनापासून उघडलं होतं. ‘काही नाही गं मला, अगदी ठणठणीत आहे’ एवढं एक वाक्य. ते जिभेवर आलंही होतं. लेकीचा हात त्यांच्या हातात होता, आणि खाली गाडी बंद होती.

“होतं,” काका म्हणाले.

“अधूनमधून?”

“रोज,” काका म्हणाले.

तेव्हापासून लेक रोज येते. सहाला येते, पाय पसरून बसते, ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करते, जेवते, भांडी घासू का विचारते. काका ‘हो का?’ म्हणतात आणि ती चक्क उत्तर देते. पण ती लेक कुणाची! कामात कसूर खपवून घेत नाही. आल्या आल्या विचारते, “घातलाय ना बाबा?” कंबरेपाशी चाचपून बघते आणि पुडक्यातला रोजचा एक कमी झालाय का तेही बघते. त्यामुळे काकांना ती यायच्या आधी तो घालून बसावंच लागतं. घरात कोरडा ठणठणीत माणूस, बाहेर उकाडा, आत जाड डायपर. पंधरवडा लोटला असेल नसेल, काकांना अगदी खरं, लालभडक, बसता येऊ नये असं पुरळ आलं.

टाकीचं पुरळ केव्हाच गेलं. काकांचं जात नाही, कारण डायपर घालणं बंद करायची त्यांना सोय नाही. दुपारी दाराला आतून कडी घालून ते मलमाचा जाड थर देतात आणि खिडकीपाशी नातीच्या शेजारी पालथे पडतात. टाकी आता रांगायला लागली आहे, ती कंटाळून निघून जाते. काका मात्र घड्याळाकडे बघत तसेच पडून असतात. पाच वाजून गेले की त्यांच्या जिवाची घालमेल सुरू होते. सहाच्या आत सगळं नीट वाळायला हवं. सहाला लेक येते, आणि त्याआधी त्यांना पुन्हा घालून बसायचं असतं.